खेळाच्या नकाशात नसलेली विहीर

माझे माहेर जळकोट. उदगीरहून एस.टी. निघाली की बालाघाटचे डोंगर, चढ-उतार आणि उघडा माळ सुरू होतो. या दिवाळीला पुण्यात वाढलेला माझा बारा वर्षांचा मुलगा सोबत होता. हातात मोबाइल, त्यात ‘पोकेमॉन गो’.

२०१६ साली आलेल्या या खेळात आपण चालतो त्याच जागेचा नकाशा पडद्यावर दिसतो. त्यावर दिसणारे काल्पनिक प्राणी पकडायचे. अंडी उबवायला २, ५, १० असे ठरावीक किलोमीटर चालावे लागते. घरात बसून राहणारे पोर चालू लागते, हा गुण मान्य केलाच पाहिजे.

पुण्यात चौकाचौकांत खेळाचे थांबे. जळकोटच्या शेतात पडदा जवळजवळ मोकळा. तेवढ्यात एक प्राणी दिसला आणि पोरगा पळत सुटला. त्याचा मामा ओरडला, “थांब रे लेकरा, म्होरं हीर हाय!” बिनकठड्याची विहीर चार पावलांवर होती. नकाशात ती नव्हतीच.

जपानात २०१६ मध्येच हा खेळ खेळत गाडी चालविणाऱ्याच्या हातून पायी जाणाऱ्या बाईचा जीव गेला.

मोबाइल काढून घ्यावा, असे त्या रात्री त्याच्या वडिलांना वाटले; मलाही. पण दुसऱ्या दिवशी मामा-भाचे ५ किलोमीटर सोबत चालले. रस्ता आणि विहीर आली की मोबाइल खिशात, अंधाराआधी घरी, एवढीच अट. अंडे उबले आणि लेकराला मामाच्या शिवारातल्या सगळ्या विहिरी ठाऊक झाल्या.

पालकांनो, खेळ द्या. पण सोबत चाला.