पेटीतल्या कॅसेटी हीसुद्धा इतिहासाची साधने आहेत

नांदगाव पेठच्या आमच्या घरात लोखंडी पेटीत एक कॅसेट आहे. 1991 साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला, वस्तीत गायन पार्टीचा कार्यक्रम झाला. काकांनी भोंग्याजवळ टेपरेकॉर्डर ठेवून त्यातला नव्वद मिनिटांचा भाग टेप केला. आम्ही तेव्हा मांडीवर होतो. पुढे लहानपणी ती कॅसेट आम्ही कितीदा तरी ऐकली.

त्या रात्री गायकाने पाठ असलेले गाणे मध्येच सोडले आणि माईकवरून विचारले, विहारासाठी पहिली वर्गणी कोणी दिली? लोकांनी आमच्या आजीचे नाव सांगितले. कापूस वेचणीच्या मजुरीतले 51 रुपये तिने दिले होते. गायकाने तिथल्या तिथे तिचे नाव यमकात बसवले, कोरसने ते उचलले, ढोलकीवाल्याने ठेका बदलला. पुढचा पाव तास जे गाणे झाले, ते कोणत्याही वहीत नव्हते. आजी सांगायची, "माह्यं नाव गाण्यात घेतलं बाप्पा त्यानं. त्याच्या अगुदर थे फक्त मस्टरवर होतं."

कॅसेटीवर कोणी चुकून दुसरे काही भरू नये म्हणून काकांनी तिच्या पाठीवरच्या दोन्ही खाचांचे प्लास्टिक मोडून ठेवले होते. 2002 च्या सुमारास आम्ही शाळकरी पोरांनी त्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. आजीचे नाव ज्या बाजूला होते, तीच बाजू गेली.

हा दोष आमचा आहे. तो व्यवस्थेच्या माथी मारून आम्हाला मोकळे होता येणार नाही. पण सिनेमाचे गाणे म्हणजे संगीत आणि जयंतीचे गाणे म्हणजे भोंग्याचा गोंगाट, हे आम्ही शिकलो कुठे? हा प्रश्न मात्र व्यवस्थेलाच विचारावा लागेल.

एम.ए. करताना एका मित्राने किंग क्रिमसन या ब्रिटिश बँडचे एक रेकॉर्डिंग ऐकवले. 13 ऑक्टोबर 1972, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा झूम क्लब. नव्या संचातल्या वादकांचा हा पहिलाच जाहीर कार्यक्रम. त्यांचा 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' हा अल्बम यायला अजून काही महिने होते. त्यामुळे त्या रात्री त्यांनी बराच वेळ ठरवून न घेता, एकमेकांचे ऐकत, सुचेल तसे वाजवले. आवाज खरखरीत आहे, कारण ते विनापरवाना केलेले टेप आहे. पुढे बँडच्याच बाजूने त्याची सीडी निघाली. आज जगभरचे रसिक त्यातल्या एकेका मिनिटावर चर्चा करतात. तीच खरखर आमच्या कॅसेटीत आली की ती 'खराब कॅसेट' ठरते. फरक आवाजात नाही, ऐकणाऱ्याच्या प्रतिष्ठेत आहे.

कोणी म्हणेल, गाणी पुस्तकात आहेतच. वामनदादा कर्डकांची गाणी छापली गेली, हे मोठेच काम झाले. पण पुस्तकात शब्द राहतात. गावागणिक बदलणारा अंतरा, समोरच्या श्रोत्याला दिलेले उत्तर, त्या रात्रीचा राग आणि हशा पुस्तकात येत नाही. विलास घोगरेंचे उदाहरण घ्या. 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले. चार दिवसांनी घोगरेंनी आत्महत्या केली. त्यांचा गातानाचा आवाज आणि चेहरा आज आपल्यापुढे आहे, कारण आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या 1985 च्या माहितीपटासाठी तेव्हा कॅमेरा चालू होता. पुढे 'जय भीम कॉम्रेड'साठी पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रीकरण केले. किती शाहिरांच्या वाट्याला असा कॅमेरा आला?

एक आक्षेप रास्त आहे. न विचारता टेप करणे ही कलावंताच्या श्रमाची चोरी नव्हे काय? किंग क्रिमसनच्या रॉबर्ट फ्रिपचा अशा टेपिंगला कायम विरोध राहिला आहे. आपल्या गायकाला तर एका रात्रीची बिदागी मिळाली, तीही कधी अर्धीच. म्हणून जपणूक करताना गायक, कोरस, ढोलकीवाला यांची नावे शोधून लिहिली पाहिजेत, आणि त्यातून पैसा आला तर तो त्यांच्या घरी गेला पाहिजे. आमच्या कॅसेटीवर काकांनी तारीख लिहिली, गायकाचे नाव लिहिले नाही. ज्याने आमच्या आजीला नाव दिले, त्याचेच नाव आमच्याकडे नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. या जयंतीला डीजेची वर्गणी गोळा करताना घराघरातल्या कॅसेटीही गोळा करा. त्या रद्दीत देऊ नका. चालू टेपरेकॉर्डर मिळवा, संगणकावर उतरवून घ्या, दोन प्रती दोन घरी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून ऐकवा आणि ते जी नावे सांगतील ती लिहून घ्या. सरकारी अभिलेखागार आपल्या वस्तीत येईपर्यंत फीत टिकणार नाही.

आमच्या कॅसेटीची उरलेली बाजू आम्ही उतरवून घेतली आहे. त्यात शेवटी टाळ्या आहेत आणि एक बाई मोठ्याने हसते. ती आजी आहे असे काका म्हणतात.

जय भीम.