तीन कॅमेरे आणि हॅवलॉकचा समुद्र

समुद्रावर जायचे आणि कॅमेरा मात्र टॉवेलात गुंडाळून हॉटेलच्या खोलीत ठेवायचा, असे तुमच्याही घरी होत असेल. वाळू जाईल, पाणी लागेल, मुलांच्या हातून पडेल! मग सहलीचे फोटो येतात ते सगळे कोरडे. हॉटेलच्या दारात उभे राहून काढलेले किंवा जेवणाच्या टेबलावरचे. खरी मजा पाण्यात झालेली असते आणि तिचा पुरावा कुठेच नसतो.

आमची गोष्ट तर याहून वाईट होती. डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही इंदूरहून कोकणात गेलो होतो. सासऱ्यांना मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता. किल्ल्याकडे जाताना होडीत त्यांनी नातीला मांडीवर घेतले होते. लाटांचे पाणी अंगावर उडाले की दोघे मिळून ओरडत. ह्यांनी मोबाईल पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भराभर फोटो काढले. परतताना पाहिले तर पिशवीची पट्टी नीट बसलेलीच नव्हती, आत चमचाभर खारे पाणी. दुसऱ्या दिवशी फोन बंद पडला तो कायमचाच. फोटो आणखी कुठे उतरवून ठेवले नव्हते. पुढच्या वर्षी सासरे गेले. सासूबाईंनी त्या फोटोंबद्दल कधी एक शब्द काढला नाही. न बोलण्यातही काही असतेच.

म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये तिन्ही भावंडांच्या कुटुंबांनी मिळून अंदमानला जायचे ठरवले, तेव्हा तिकिटांच्या आधी कॅमेऱ्याची चर्चा झाली. शेवटी तीन कॅमेरे जमा झाले. पुण्याच्या भाऊजींकडे निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू ३००, नागपूरच्या भाच्याकडे ऑलिंपसचा टफ टीजी-६ आणि आमच्याकडे फुजीफिल्मचा एक्सपी १४०. तिन्ही खिशात मावणारे आणि वेगळे कवच न चढवता पाण्यात नेता येणारे.

आकड्यांची भांडणे

पोर्ट ब्लेअरहून (सप्टेंबर २०२४ पासून याचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) बोटीने दोनेक तासांत हॅवलॉक येते. २०१८ पासून या बेटाचे नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात. त्या दोन तासांत भाऊजी आणि भाचा यांचे भांडण जुंपले.

"माझा तीस मीटरपर्यंत जातो. तुझा फक्त पंधरा!" भाऊजी म्हणाले.

"मामा, तीस मीटर खाली जाणार कोण? तुम्ही?" भाच्याने विचारले, आणि सगळी बोट हसली.

पण प्रश्न बरोबर होता. कागदावर पाहिले तर निकॉन तीस मीटर, फुजी पंचवीस मीटर आणि ऑलिंपस पंधरा मीटर खोलीपर्यंत चालतो. दुकानात हाच आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो आणि आपणही त्याकडेच पाहतो. आता हिशेब करा. नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहण्याचा जो प्रकार आहे, स्नॉर्कलिंग, त्यात आपण जेमतेम एक-दोन मीटर बुडतो. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक हाताला धरून जे पहिलेवहिले स्कूबा डायव्हिंग करवतात, ते साधारण दहा-बारा मीटरच्या आतले. म्हणजे घरच्या माणसांना पंधरा मीटर पुरून उरतात.

दुसरा आकडा मेगापिक्सेलचा. निकॉन आणि फुजी सोळा मेगापिक्सेलचे, ऑलिंपस बाराचा. भाऊजी इथेही पुढे! पण प्रकाश टिपणारी आतली चकती, म्हणजे सेन्सर, तिन्हींत सारख्याच लहान मापाची आहे. तेवढ्याच अंगणात जास्त माणसे उभी केली म्हणून अंगण मोठे होत नाही.

तिसरा आकडा डब्यावर बारीक अक्षरात असतो आणि पाण्यात तोच जास्त कामाचा. तो म्हणजे भिंगाचे तोंड किती उघडते. हा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो. ऑलिंपसचा एफ/२.०, निकॉनचा एफ/२.८, फुजीचा एफ/३.९. एफ/३.९ च्या मानाने एफ/२.० मधून जवळजवळ चौपट प्रकाश येतो. पाण्याखाली प्रकाश कमीच असतो, म्हणून हा फरक मोठा.

एलिफंट बीचवर

हॅवलॉकच्या जेट्टीवरून छोट्या बोटीने पंधरा-वीस मिनिटांत एलिफंट बीच येतो. २००४ च्या त्सुनामीत उन्मळून पडलेली प्रचंड झाडे अजून किनाऱ्यावर आडवी आहेत, उन्हाने पांढरी पडलेली. पाणी मात्र इतके नितळ, की कमरेएवढ्या पाण्यात आपल्या पायांची नखे दिसतात.

सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या. पोहणे येत नाही. "मी काठावर बसते, तुमच्या चपला सांभाळते," असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. पण तिथला पोरगेलासा गाईड रबरी चाक घेऊन आला आणि म्हणाला, "माँजी, बस पकडके रहना है, मैं खींचूँगा." नात हात ओढू लागली. शेवटी पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट चढवून सासूबाई चाकाला धरून निघाल्या.

आम्ही फोटो काढायला सुरुवात केली. पहिल्या अर्ध्या तासातले बहुतेक वाया गेले. का, ते रात्री कळले. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि त्यामुळे जवळ भासते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर वाटतो. आपण तिथूनच बटण दाबतो आणि फोटोत येतो निळसर धुरात एक ठिपका. पाणी कितीही नितळ असले तरी त्यात बारीक कण असतातच. फ्लॅश मारला तर ते कण उजळतात आणि फोटोवर साबुदाणा सांडल्यासारखे दिसते. उपाय एकच. जवळ जा, हातभर अंतरावर. झूम वापरू नका. उथळ पाण्यात सूर्य डोक्यावर असेल तर फ्लॅश बंदच ठेवा.

हे जमल्यावर मात्र तिन्ही कॅमेऱ्यांनी चांगले काम केले. प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे आले. दगडात रुतून बसलेला, निळ्या-हिरव्या ओठांचा मोठा शिंपला आला. मुलांना सिनेमामुळे ओळखीचा झालेला नारिंगी पट्ट्यांचा क्लाऊनफिशही आला. दुपारच्या उन्हात, दोन मीटर पाण्यात, कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा हे आम्हालाच सांगता येईना.

फरक कुठे पडला?

फरक पडतो तो उजेड कमी झाल्यावर. अंदमान इतके पूर्वेला आहे, की आपल्याच घड्याळाप्रमाणे तिथे डिसेंबरात साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. राधानगरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मुले लाटांत उड्या मारत असताना फोटो घ्यायचा, तर मोठ्या तोंडाचे भिंग उपयोगी. त्या बाबतीत टीजी-६ पुढे. शिवाय त्यात भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तू टिपण्याची सोय आहे. भाच्याने वाळूतल्या खेकड्याचे डोळे काढले, तेव्हा भाऊजीही गप्प झाले.

निकॉनच्या बाजूने बोलायचे तर झूम जास्त, पाचपट. टीजी-६ चा चारपट. जागेची नोंद आणि किती खोल आहोत हे दाखवणारी सोयही त्यात आहे. भाच्याने पहिले डायव्हिंग केले तेव्हा भाऊजींनी मोठेपणाने आपला कॅमेरा त्याला दिला. खालून आलेल्या फोटोंत त्याच्या पट्ट्याचा लाल रंग चक्क तपकिरी-काळा दिसत होता. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाचेक मीटरनंतर तो जवळजवळ उरतच नाही. म्हणून या कॅमेऱ्यांत पाण्याखालच्या रंगांसाठी वेगळी सोय असते. ती लावायला विसरू नका, आणि बाहेर आल्यावर काढायलाही.

आमचा फुजी तिघांत सर्वांत हलका, दोनशे ग्रॅमच्या थोडा वर. बटणे सोपी. मुलांच्या हाती द्यायला हाच बरा.

वाळूचा एक कण

या कॅमेऱ्यांचा जीव त्यांच्या झाकणाच्या रबरी कडेत असतो. तिथे एक केस, धागा किंवा वाळूचा कण अडकला की पंधरा मीटर काय आणि तीस मीटर काय, बादलीभर पाणीही पुरते. म्हणून बॅटरी भरून, कार्ड घालून झाकण खोलीतच लावायचे आणि किनाऱ्यावर ते उघडायचेच नाही. आम्ही एकदा होडीत, दमट हवेत झाकण उघडले. मग थंड पाण्यात गेल्यावर भिंगाच्या आतून वाफ धरली आणि तासभर सगळे फोटो धुक्यातले आले. चूक कॅमेऱ्याची नव्हती, आमची होती.

समुद्रातून आल्यावर कॅमेरा झाकण बंद असतानाच गोड्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवायचा. मीठ वाळले की सांध्यांत बसते. रबरी कडा वर्षातून एकदा बदलून घ्या, असे या कंपन्याच सांगतात. कॅमेरा हातात घेऊन उंचावरून पाण्यात उडी मारू नका. आणि हे कॅमेरे तरंगत नाहीत! दोरीला नारिंगी फुगीर पट्टा लावा, नाहीतर मासेच फोटो काढत बसतील.

"मोबाईल पाण्यात चालतो ना आता?" असे बरेच जण विचारतात. मोबाईलची ती परीक्षा गोड्या पाण्यात, ठरावीक खोलीवर आणि ठरावीक वेळ घेतलेली असते, समुद्रात नाही. पाण्यात शिरून बिघडलेला फोन कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. शिवाय पाण्याखाली बोटांचा स्पर्श पडद्याला कळत नाही. पावसाच्या सरीत ठीक आहे, समुद्रात नको.

मग घ्यायचा कोणता?

वर्षातले चार दिवस समुद्र, बाकीचे दिवस घर. तेव्हा विचार घरचाही करा. आमच्या इंदूरला रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते. टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे उडतात, गुलालाने आभाळ लाल होते. पूर्वी त्या गर्दीत कॅमेरा नेण्याची हिंमत नव्हती. २०२४ मध्ये नेला आणि घरी येऊन नळाखाली धुतला. पावसाळी सहल, धबधबा, मुलांचा पोहण्याचा क्लास, सगळीकडे तो बिनधास्त नेता येतो. मात्र लग्नाच्या हॉलमध्ये, रात्रीच्या दिव्यांत, चांगला मोबाईल यांच्यापेक्षा सरस फोटो देतो, हेही खरे. सेन्सर लहान तो लहानच.

निकॉन आणि फुजीची ही मॉडेल्स आता दुकानात नवी मिळणे कठीण. जुना कॅमेरा घेत असाल तर रबरी कडा तपासल्याशिवाय आणि बदलल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. टीजी-६ नंतर २०२३ मध्ये टीजी-७ आला, तो ओएम सिस्टीम या नावाने. पैसे घालायची तयारी असेल आणि संध्याकाळचे, जवळचे फोटो हवे असतील, तर मी याच घराण्यातला घ्या म्हणेन. फक्त दुपारच्या उन्हात मुले पाण्यात खेळताना टिपायची असतील, तर साधाही पुरतो. खोलीच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

जाता जाता आणखी एक. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. वाळूत पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत घालून आणता येत नाही. फोटो तेवढा आणायचा.

आता आमचा तिथला सर्वांत चांगला फोटो कोणता, ते सांगते. एलिफंट बीचवर आमच्या दहा वर्षांच्या मुलीने, आमच्या साध्या कॅमेऱ्याने, आजीच्या अगदी नाकाशी जाऊन तो काढला. निळ्या पाण्यात मास्कमागे सासूबाईंचे डोळे लाडवाएवढे झाले आहेत, आणि चाकाला धरलेल्या हातावरच्या बांगड्या वर तरंगल्यासारख्या दिसताहेत. फोटो किंचित तिरका आहे. कोणत्याही स्पर्धेत बसणार नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर सासूबाई आमच्या खोलीच्या दारात आल्या. समुद्राबद्दल, माशांबद्दल काहीच बोलल्या नाहीत. एवढेच विचारले, "अगं, आजचे फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवलेस ना?"

ठेवले होते. तुम्हीही ठेवा. त्याच रात्री.