विजेरीची ऊब

एलईडीचा प्रकाश थंड असतो हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की हातातली विजेरी तापू लागली की ती वीज खाते, माल हलका आहे, असा निकाल आपण देऊन टाकतो. मला तो निकाल उलटा वाटतो. दोन विजेऱ्या सारख्याच प्रखर असतील आणि एक हाताला गरम लागत असेल, दुसरी गार, तर संशय गार राहणारीचा घ्यावा. जुन्या टॉर्चमधल्या टंगस्टनच्या तारेला अडीच हजार अंशांच्या आसपास तापावेच लागे. तापणे हाच तिचा धंदा. विजेतला जेमतेम पाच टक्के भाग डोळ्यांना दिसणारा प्रकाश होई आणि उरलेला बहुतेक अवरक्त किरणांच्या रूपाने काचेतून निघून जाई. बल्ब उधळ्या खरा, पण त्याची उधळपट्टी घराबाहेर चाले. एलईडीला ती सोय नाही. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळवून देणारी निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप, अशी तिची घडण. निळ्याचा पिवळा होतानाच त्या किरणाची सुमारे पाचवा हिस्सा ऊर्जा उष्णतेत जाते. चांगली एलईडी विजेतल्या तीस-चाळीस टक्क्यांचा प्रकाश करते, म्हणजे बल्बच्या कितीतरी पट. पण राहिलेली उष्णता मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या चिपमध्येच साठते. झोताबरोबर ती जात नाही. तिला पाठीमागून, धातूच्या पट्टीतून, विजेरीच्या अंगात उतरावे लागते.

यावर कोणी म्हणेल, उष्णता म्हणजे वाया गेलेली वीजच ना, मग तिचे कौतुक कसले? वाया गेलेलीच, यात वाद नाही. पण ती किती निर्माण झाली आणि कुठे पोचली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि हाताला फक्त दुसऱ्याचे उत्तर कळते. ॲल्युमिनियम प्लॅस्टिकच्या जवळजवळ हजारपट उष्णता वाहून नेते. प्लॅस्टिकची विजेरी गार लागते कारण तिची चिप आतल्या आत भाजत असते. दीडशे अंशांच्या पलीकडे ती फार काळ तग धरत नाही, आणि त्याआधीच तिचा उजेड उतरू लागतो.

तरीही ऊब हे सरसकट प्रशस्तिपत्र नव्हे. प्रवाह वाढवत गेले की चिप कितीही गार ठेवली तरी तिची कार्यक्षमता घसरते, कारण विद्युतभारांची गर्दी झाली की त्यांच्या मिलनातली ऊर्जा किरण न होता तिसऱ्याच भाराला मिळते आणि उष्णता बनते. खोक्यावरचे हजारो लुमेन याच घसरणीच्या टोकाचे असतात. साधा हिशेब करू. शंभर ग्रॅम ॲल्युमिनियमच्या अंगात वीस वॅट उष्णता ओतली तर ते मिनिटाला तेरा अंशांनी तापेल. तीस अंशांवरून दोन-अडीच मिनिटांत हात चटकायला लागेल. म्हणून सर्किट आपणहून प्रकाश उतरवते, आणि घेणाऱ्याला फसल्यासारखे वाटते. फसवणूक म्हणवत नाही, पण प्रचलित अमेरिकी प्रमाणानुसार लुमेन मोजायचे ते दिवा लावल्यावर 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या आत, आणि चालण्याचा काळ धरायचा तो प्रकाश दहा टक्क्यांवर येईपर्यंत! असे दोन आकडे एकाच खोक्यावर शेजारी शेजारी बसतात.

प्रखरता लागतेच, असाही आग्रह असतो. दूरवर शोध घेणाऱ्याला ती लागतेही. पण झोत निम्मा केला तर पल्ला निम्मा होत नाही, सत्तर टक्के उरतो, आणि डोळ्याला तर फरक त्याहूनही कमी जाणवतो. शेतीपंपाला वीज रात्री येते म्हणून पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला बांध आणि बांधावरचे जनावर दिसले की पुरे. त्याला शंभर लुमेन लागतात, म्हणजे जेमतेम एक वॅट. बोटभर लिथियम सेल तेवढ्यावर रात्र काढतो. एवढ्या मंद चालीत चिप आपल्या उत्तम कार्यक्षमतेच्या जवळ असते आणि विजेरीचे अंग कोमटही होत नाही. गार विजेरीवर विश्वास टाकावा तो इथे. पण दुकानात बटण दाबून दाखवतात ती नेहमी सगळ्यात प्रखर पायरी, आणि तीही भिंतीवर, चार सेकंद.