‘मनावर घे’ म्हणणं सोपं होतं

माझं एक मत वर्षानुवर्षं पक्कं होतं. ठरवलेलं पार पडत नसेल, तर माणसाची इच्छाच कच्ची. फोन पाणी प्यायची आठवण करतो, घड्याळ उठून चालायला सांगतं, हे पाहिलं की मला चीड यायची. या मताच्या बुडाशी गर्व होता. माझी कामं वेळेवर व्हायची, म्हणून मी स्वतःला निग्रही समजत होतो.

माझ्या ताईला मधुमेह आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. भाच्याने तिला घड्याळ आणून दिलं, त्यात दहा हजार पावलांचं लक्ष्य. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, तिथून तो रूढ झाला. ताईला रोज संध्याकाळी अपुरा आकडा दिसायचा. शेवटी घड्याळ कपाटात गेलं. मी मात्र दर फोनला तेच म्हणायचो, “ताई, मनावर घे.”

पुढे ती फोनवरच्या एआय मदतनीसाशी मराठीत बोलू लागली. एकदा अक्षरं मोठी करायला तिने फोन माझ्याकडे दिला, तेव्हा तो संवाद समोरच उघडा होता. वाचायला नको होता, पण वाचला. यंत्राने विचारलं होतं, चालणं नेमकं कशामुळे राहून जातं? ताईचं उत्तर होतं : “सारखं लघवीला जावं लागतं. रस्त्यावर बायकांची सोय नाही. घरापासून लांब गेलं की धास्ती वाटते. हे कुणाला सांगणार?”

त्या शेवटच्या प्रश्नापुढे क्षणभर मला वाचवेना. न सांगण्यासारख्या माणसांत मीही होतो. जिला मी आळस म्हणत आलो, ती धास्ती होती. मुंबईत २०११ पासून बायकांनी स्वच्छतागृहांसाठी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली, त्याबद्दल मी कौतुकाने वाचलं होतं. तोच प्रश्न माझ्या बहिणीचा असेल, हे मनातही आलं नाही. मी तिला इतकी वर्षं उपदेश केला, पण अडतं कुठे हे एकदाही विचारलं नाही. यंत्राने ते पहिल्यांदा विचारलं.

त्याने सुचवलेलंही साधंच होतं. हा त्रास डॉक्टरांच्या कानावर घाला. रात्री ओटा आवरून झाला, की सोसायटीच्या आवारातच दहा मिनिटं चाला. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात हेच मांडलं होतं : ‘अमुक झालं की तमुक करीन’ असा बांधलेला बेत नुसत्या इराद्यापेक्षा जास्त तडीला जातो. ताई आता चालते. आकडा ती बघत नाही.

माझी एक काळजी उरलीच आहे. भावाला न सांगितलेली गोष्ट आता कुठल्या तरी कंपनीकडे जमा आहे, आणि ती तिथे सुरक्षित राहावी यासाठी कडक कायदा हवा. पण माणसाला न दुखवता त्याची अडचण विचारणारं आणि त्याच्या दिवसात बसेल असं ध्येय आखून देणारं तंत्रज्ञान मला आता हवंसं वाटतं. ताईला त्याने आवारापुरती वाट काढून दिली. आवाराबाहेरच्या रस्त्यावर स्वच्छतागृह नाही, हे मात्र तिच्या निश्चयाने सुटणारं नाही. ते काम आपलं, गावाचं आहे.