डग्गा कुठे गेला?

आमची मारुती ८०० ही २००८ सालची. २०२३ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी म्हटलं, आता विकू या. बाबांनी काही न बोलता फिटनेस करून, फी भरून पाच वर्षांची मुदत वाढवून आणली. विषय संपला.

तर परवाच्या उन्हाळ्यात मी त्यांना म्हटलं, "निदान गाणी तरी नीट ऐकू येऊ देत." मागच्या फळीवर दोन जुने स्पीकर होते, त्यातला एक खरखरायचा. बाबा तरुणपणी भजनी मंडळात तबल्याला बसायचे. गाडीत कायम वसंतराव देशपांड्यांची नाट्यगीतं, आणि आवाज पाठीमागून, डबड्यातून आल्यासारखा. पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर बसवायचं ठरवलं.

"दार कापायचं?" बाबा.

"हो, म्हणजे... थोडंसं."

हे थोडंसं मला दोन शनिवार-रविवार पुरलं. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, त्यामुळे पॅनल बिघडलं तर नवं कोरं मिळण्याची आशा कमीच. आमच्या धंद्यात काही चुकलं की कंट्रोल झेड दाबतो. इथे बाबा शेजारी स्टूल टाकून बसलेले.

काच खालीवर करायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी बारीक क्लिप असते. फडक्याची कड मागे घालून बूट पुसल्यासारखी डावी-उजवीकडे ओढली की ती टणकन उडते. (पहिली अजून सापडलेली नाही.) मग क्लिपा उचकटायच्या, की रेक्झिन लावलेलं हार्डबोर्डचं पॅनल हातात येतं. त्यामागे प्लास्टिकचा कागद असतो, तो फाडायचा नाही. काचेवरून पाणी दारात उतरतंच आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो कागद पाणी पॅनलपर्यंत येऊ देत नाही. खालची भोकंही बुजवायची नाहीत, नाहीतर दार आतून गंजतं.

खरी अडचण खोलीची. काच पूर्ण खाली आली की ती लोहचुंबकावर आपटता कामा नये. मोजायचं कसं? आईकडून कणीक घेतली. पुठ्ठ्यावर उंच गोळा चिकटवला, पत्र्यातल्या एका भोकातून आत सरकवला आणि काच खाली केली. काचेने गोळा जिथे चिरला तिथपर्यंत ४२ मिलिमीटर. स्पीकरची खोली ५७. म्हणून १८ मिलिमीटर प्लायवुडच्या रिंगा कापून आणल्या. एमडीएफ स्वस्त पडतं, पण पाणी लागलं की फुगतं. रिंगांना ऑइलपेंटचे दोन हात, कापलेल्या पत्र्याच्या कडेला रेड ऑक्साइड.

पॅनलवर पहिला कटर चालवताना माझा हात थरथरला. बाबा उठून आत गेले. मला वाटलं रागावले. तर चष्मा घेऊन आले.

वॅटचं एक सांगून टाकतो. स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ३००, आणि खाली बारीक अक्षरात आरएमएस ४५. स्टीरिओवर लिहिलेलं ५० गुणिले ४, पण आतला अँप्लिफायर वीसेक वॅटपलीकडे स्वच्छ आवाज क्वचितच देतो. ते पुरतं. त्याहून जास्त फरक दार बंदिस्त करण्याने पडतो. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. ही मागची हवा वळसा घालून पुढे आली की खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून पत्र्यावरची मोठी भोकं ब्युटिलच्या शीटने बंद केली. दार लावल्यावर पूर्वी डबा आपटल्यासारखा आवाज व्हायचा, आता थप्प असा येतो. मला एवढ्यावरच जग जिंकल्यासारखं झालं होतं.

रविवारी संध्याकाळी मोबाइलवर आलेख लावून आधी डावा स्पीकर तपासला, मग उजवा. दोन्ही उत्तम. बाबांना चालकाच्या सीटवर बसवलं. वसंतराव सुरू.

अर्धं गाणं झालं. बाबा गप्प.

"कसं वाटतंय?"

"छान आहे रे. पण डग्गा कुठे गेला?"

मी म्हटलं, बाबा, तुमच्या वयात खर्ज... आलेख दाखवला. त्यांनी बघितलाच नाही. "चाटेवरचं बोट ऐकू येतंय. डग्गा नाही. आणि माणूस समोर बसून गात नाहीये, आवाज सगळीकडे सांडलाय."

मी तावातावाने खाली उतरलो. पॅनल पुन्हा काढलं. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून डाव्या दाराच्या वायरींना टेकवला, स्टीरिओचं कनेक्शन सोडवून. पडदा बाहेर आला. उजव्या दाराला टेकवला. पडदा आत गेला!

उजवीकडचं अधिक-उणं मी उलटं जोडलं होतं. एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. एकेकटे तपासले तर दोन्ही पास, एकत्र लावले की डग्गा गायब. युनिट टेस्टवर भागवू नका म्हणून ऑफिसात ज्युनियर पोरांना मीच लेक्चर देतो. असो.

वायरी फिरवल्या. गाणं पहिल्यापासून लावलं. बाबांचा डावा तळवा हळूच स्टिअरिंगवर घासायला लागला, मींड काढल्यासारखा. मी काही विचारलं नाही.

पॅनलच्या कापलेल्या दोन गोल चकत्या त्यांनी मला टाकू दिल्या नाहीत. आईने त्यातली एक उचलली आहे. रेक्झिनची बाजू खाली करून गरम पातेल्याखाली छान बसते म्हणे. दुसरी डॅशबोर्डच्या खणात आहे, आरसी बुकाशेजारी.