ओले सरपण

पावसाळा ओसरला की केरीच्या वाळूत काळ्या रेघा दिसू लागतात. यंदा नववीच्या मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. एकाने लोहचुंबक फिरवला आणि त्याला काळे कण मिशीसारखे चिकटले. दुसरा ओरडला, "सर, ह्यातच थोरियम असते ना? मग आपण श्रीमंत!"

मला हसू आले. चुंबकाला चिकटले ते लोखंडाचे. थोरियम असते मोनाझाइटच्या पिवळसर-तपकिरी कणांत आणि त्याचे मोठे साठे केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यांवर. देशातले मोनाझाइट सव्वा कोटी टनांच्या घरात जाते. त्याच भरवशावर होमी भाभांनी १९५४ साली तीन टप्प्यांची योजना मांडली : आधी युरेनियम, मग प्लुटोनियम, शेवटी थोरियम.

"मग अजून वीज का नाही, सर?"

मला आईची चूल आठवली. पावसात ती ओली लाकडे चुलीकडेला वाळत ठेवी. लाकूड रानातले, फुकटचे; पण आधी चुलीत निखारे हवेत. थोरियम असेच ओले सरपण. न्यूट्रॉन शोषून त्याचे युरेनियम-२३३ होते, तेव्हा ते जळते. हे निखारे आधीच्या टप्प्यांनी पुरवायचे. शिवाय सोबत तयार होणाऱ्या युरेनियम-२३२ मुळे पुढे तीव्र गॅमा किरण निघतात. जाड भिंतीआडून, यंत्राच्या हातांनी काम करावे लागते. खर्च वाढतो तो तिथे.

कल्पाक्कमची ३० किलोवॉटची 'कामिनी' अणुभट्टी १९९६ साली युरेनियम-२३३ वर चालू झाली. म्हणजे जमते. परवडते का, हा प्रश्न निराळा. अणुविजेच्या दरात इंधनाचा वाटा लहान. मोठा वाटा अणुभट्टीच्या बांधकामाचा आणि व्याजाचा. इंधन स्वस्त झाले म्हणून वीज तेवढी स्वस्त होत नाही. दुसऱ्या टप्प्याची ५०० मेगावॉटची अणुभट्टी तिथेच २००४ मध्ये बांधायला घेतली, ३४९२ कोटींचा अंदाज धरून. ती २०१० पर्यंत व्हायची होती. अंदाज पुढे ५६७७ कोटींवर गेला आणि अणुभट्टीचा गाभा भरायला सुरुवात व्हायलाच मार्च २०२४ उजाडला.

व्याज म्हणजे काय, हे मला धाकट्या भावाने शिकवले. डिचोलीच्या खाणींवर एकेकाळी टाकाऊ म्हणून ढिगारे केलेली माती चीनच्या मागणीने विकली जाऊ लागली, तेव्हा त्याने कर्जावर ट्रक घेतला. "दादा, जमिनीत माल आहे, भिऊ नको," म्हणाला. २०१२ साली खाणी बंद पडल्या. माल जमिनीत होताच. हप्ते थांबले नाहीत. ट्रक दारात गंजला आणि वहिनीच्या पाटल्या गेल्या.

हे मुलांना सांगितले, तेव्हा 'श्रीमंत' म्हणणारा मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, आमच्याही दारात ट्रक होता."

संशोधन थांबवू नये, असेच मला वाटते. पुढच्या पिढीला निखारे लागतीलच. पण साठ्याचे टन मोजताना हप्तेही मोजावेत. त्या मुलाने चुंबकावरचे कण हळूच झटकले आणि आम्ही तेरेखोलच्या फेरीकडे वळलो.