पाचला मावळतं

अंदमानात सूर्य आपल्या घड्याळाला जुमानत नाही. देशाची वेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, आणि ही बेटं त्याच्याही दहा अंश पलीकडे. आम्ही सातारकर त्या रेषेच्या साडेआठ अंश अलीकडे. अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे आपल्या सवयीचा दिवस तिथं सव्वा तास आधी उजाडतो आणि सव्वा तास आधीच आटोपतो. थंडीच्या दिवसांत पाचच्या सुमाराला सूर्य पाण्यात उतरतो. घरी त्या वेळी दुसऱ्या चहाचं आधण ठेवायचं असतं. तिथं सहाला मिट्ट काळोख.

हा हिशेब माझा नव्हे, ह्यांचा. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे आकडा जुळला नाही की ह्यांना झोप येत नाही. निवृत्तीनंतरची सहल, तीही दोघांचीच. पोरं बरोबर नाहीत, सासूबाईंची औषधं सांभाळायची नाहीत, एलटीसीची बिलं जपायची नाहीत. तरी डायरीत रकाने आखलेलेच. सकाळी एलिफंट बीच, दुपारी राधानगर, मध्ये काला पत्थर, रात्री बॅगा. झालेल्या जागेपुढे बरोबरची खूण. आपल्याकडे सहल म्हणजे पॉइंट उरकणं. महाबळेश्वरला हीच तऱ्हा, काश्मीरला हीच. आराम करायला म्हणून निघायचं आणि घरी येऊन दोन दिवस पाय शेकत बसायचं.

हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाच्या, पहिल्या संध्याकाळी ती डायरी निरुपयोगी झाली. अंधारात बघणार काय? जेवणाला अजून दोन तास. टीव्हीवर खरखर. हे खोलीबाहेरच्या वेताच्या खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"अगं, आता करायचं काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

म्हणजे खरोखरच काही नाही. समोर लाटांचा आवाज, डोक्यावर नारळाच्या झावळ्यांची सळसळ, आणि डब्यातला पोह्यांचा चिवडा. पहिला अर्धा तास आम्ही मुलाच्या बदलीबद्दल बोललो, नंतर छपराच्या गळतीबद्दल, मग ते विषयही संपले. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात कामाचं बोलणं इतकं असतं की ते संपल्यावर बोलायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नसतं. बऱ्याच वेळानं हे अचानक म्हणाले, कराडला पहिली नेमणूक झाली तेव्हा भाड्याच्या खोलीत एकटं राहायची त्यांना भीती वाटायची. खिडकीशी कुणी उभं आहे असं वाटून दिवा चालू ठेवून झोपायचे. मला हे माहीतच नव्हतं. त्यानंतरच्या संध्याकाळी आम्ही तशाच त्या खुर्च्यांत काढल्या, आणि रकान्यांतल्या खुणा मागे पडत गेल्या.

राधानगरबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण सगळे तेच विचारतात. २००४ साली 'टाइम' मासिकानं तो आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवला आणि तेव्हापासून सूर्यास्ताला तिथं जत्रा भरते. चार वाजल्यापासून जीपगाड्या, रांगेनं लावलेले मोबाईल, आणि सूर्य बुडाला रे बुडाला की सगळे पार्किंगकडे पळतात. किनारा सुंदर आहे, वादच नाही: पांढरी, पिठासारखी मऊ वाळू, मागे समुद्रमोहाची उंच झाडं. पण तो बघायचा सकाळी. सकाळी तिथं आम्ही होतो, एक शहाळेवाला होता आणि त्याचं कुत्रं होतं.

खरी सुटी नीलवर मिळाली. नील, म्हणजे शहीद द्वीप, उणापुरा चौदा चौरस किलोमीटरचा. पन्नास-साठच्या दशकांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना या बेटांवर जमिनी दिल्या. त्यांनी जंगल हटवून शेती केली, आणि आज राजधानीच्या बाजारात भाजी जाते ती बरीचशी नीलवरून. आमच्या खोलीमागेच दुधी आणि पडवळाचा मांडव होता. मालकीणबाई पहाटे पाचला पाणी घालायच्या आणि मला खुणेनंच विचारायच्या, झोप लागली का.

नीलवर हुकूम चालतो तो भरती-ओहोटीचा. बेटाभोवती प्रवाळखडकाचा उथळ ओटा आहे. ओहोटी लागली की पाणी पार लांब जातं, घोटाभर डबकी उरतात. पोहता येत नाही, होडीही टेकत नाही. दिवसातून दोनदा हा खेळ, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरानं. तिथला मुलगा सकाळी फळ्यावर खडूनं वेळा लिहायचा. ह्यांना तो फळा फार आवडला. वहीत वेळा उतरवून घेत, दुसऱ्या दिवशीचा अंदाज आदल्या रात्री काढत, आणि तो जुळला की मला उठवून सांगत. रकाने परत आले होते, पण यात बरोबरची खूण करायला काही नव्हतं. समुद्र सांगेल तेव्हा जायचं, नाही म्हणेल तेव्हा बसायचं.

ओहोटीतच लक्ष्मणपूरच्या त्या खडकाच्या कमानीकडे जाता येतं. बंगाली माणसांनी तिचं नाव ठेवलंय हावडा ब्रिज. कमान बघून लोक फोटो काढतात आणि परततात; गंमत खाली डबक्यांत आहे. बरोबरच्या वाटाड्यानं एका कपारीत राक्षसी शिंपला दाखवला. खडकात रुतलेला, दोन शिंपांच्या मधून निळ्या-जांभळ्या मांसल कडा बाहेर आलेल्या, त्यावर मखमलीसारखे ठिपके. "सावली पाडा," तो म्हणाला. ह्यांनी हात धरला, आणि तो जीव अंग आक्रसून मिटला. हात काढला, थोड्या वेळानं हळूच उघडला. पुन्हा करू नका, त्याला त्रास होतो, असं मीच दटावलं.

त्याहून जास्त वेळ आम्ही घालवला वाळूतल्या खेकड्यांपाशी. नखाएवढे खेकडे. पाणी मागे सरलं की बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेतात, तिच्यावरचं काय खाण्याजोगं असेल ते चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. पुन्हा वाळू, पुन्हा गोळी. बिळापासून चहूकडे सरळ रेघांत गोळ्या पडत जातात, आणि तासाभरात अख्ख्या किनाऱ्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. जरा पाऊल वाजलं की सगळे बिळात. म्हणून न हलता बसावं लागतं. निवृत्त शाखाधिकारी लेंगा वर खोचून उकिडवे बसून खेकड्याच्या गोळ्या मोजताहेत, हे दृश्य बँकेतल्या कुणी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. नंतर भरती आली आणि सगळं पुसून गेलं.

या बेटांवरच्या नावांची एक गंमत आहे. हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर. नीलवर रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. घरदार सोडून आलेल्या माणसांनी नीलवर वनवासाची नावं ठेवावीत हे कळतं. मी नकाशावर बोट फिरवत होते. ऊर्मिलेच्या नावाचं काही दिसलं नाही. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "ती कुठे गेली होती बेटावर? ती घरीच होती."

मला तेव्हा येसूवहिनी आठवल्या. येताना पहिल्याच दिवशी सेल्युलर जेल पाहिलं होतं. मराठी माणूस अंदमानला गेला आणि तिथं गेला नाही असं होत नाही. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीन उरल्यात. एका शाखेचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीतल्या माणसाला समोर माणूस दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सावरकर बंधू इथंच होते. तात्याराव १९११ पासून १९२१ पर्यंत. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी नवऱ्याला भेटायची परवानगी मागत राहिल्या आणि १९१९ मध्ये भेट न होताच वारल्या. त्याच वर्षी तात्यारावांच्या पत्नी माई धाकट्या दिराबरोबर अंदमानला जाऊन त्यांना भेटल्या. वहिनी त्या बोटीत नव्हत्या.

तुरुंगाच्या गच्चीवरून जो समुद्र दिसतो तोच हा, नीलच्या किनाऱ्यावर घोट्याशी येणारा. आम्ही तो तिकीट काढून दीड-दोन तासांत ओलांडला, ते पण सीट खिडकीची नाही म्हणून कुरकुरत. मी ह्यांना येसूवहिनींचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी मात्र चहा त्यांनी केला, पहिल्यांदाच, आणि साखर घालायला विसरले.

जाणार असाल तर एवढं करा. हॅवलॉकची एक रात्र कमी करून नीलला द्या. टूरवाला सांगेल की नील दिवसभरात होतं, ऐकू नका. शक्य असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास जा, तेव्हा ओहोटीचं पाणी सर्वांत लांब जातं आणि डबकी जास्त उघडी पडतात. प्रवाळावर पाय देऊ नका, शंख-शिंपले उचलून आणू नका. परतताना बॅगा तपासतात आणि कायद्यानंही ते आणायला बंदी आहे. टॉर्च न्या. चिवडा जास्त न्या, संध्याकाळ फार मोठी असते.